एका स्त्रीच्या मरणावरील जुना वाद



गोष्ट संपली म्हणजे ऐकणाराचें काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तसें नाहीं. महाभारतांतील कर्णाची बाजू घेऊन तावातावानें भांडणारा एखादा मुलगा आपल्याकडे कोणत्या गांवांत सांपडणार नाहीं? कर्णाचें चुकलें कीं अर्जुनाचें, याचा शेवटचा निकाल कोणींच दिलेला नाहीं, आणि तरीहि तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. वादाला कंटाळून कोणीं ती गोष्ट टाकून दिली नाहीं. उलट वादामुळेंच ती जिवंत राहिली. अशाच एका परदेशी गोष्टीची व तिच्यावरील वादाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ही गोष्ट ग्रंथांतील नसून दूरचित्रवाणीवरील आहे, आणि तिच्यावर वाद घालणारे लोक पंडित नसून तिचे साधे चाहते आहेत. दूरचित्रवाणी पाहण्यांत मुलांचा वेळ फुकट जातो अशी पालकांची तक्रार असते, व ती बहुतांशीं खरीहि आहे. म्हणूनच, पाहिलेल्या गोष्टीचा विचार कसा करावा याचें एक उदाहरण समोर ठेवणें हाहि या लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंत १९६६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत ‘स्टार ट्रेक’ नांवाची एक मालिका एन. बी. सी. या संस्थेच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. जीन रॉडनबेरी हे तिचे जनक. पुढील काळांत, मनुष्य ताऱ्यांपर्यंत पोंचला असतां, ‘एंटरप्राइझ’ नांवाचें एक अवकाशयान नवीं जगें धुंडाळीत फिरत आहे, अशी तिची मूळ कल्पना. यानाचा कप्तान जेम्स कर्क. त्याचा मुख्य सहायक स्पॉक, ज्याचा पिता व्हल्कन नांवाच्या ग्रहावरचा व माता पृथ्वीवरची, आणि म्हणून ज्याचे कान टोंकदार व विचार काटेकोर. आणि यानावरील वैद्य डॉक्टर मॅकॉय, हीं तिच्यांतील तीन मुख्य पात्रें. या मालिकेच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस, ६ एप्रिल १९६७ रोजीं, जो भाग दाखविला गेला त्याचें नांव आपल्या भाषेंत ‘अनंताच्या कड्यावरील नगरी’ असें करतां येईल. त्याचे लेखक हार्लन एलिसन व दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी.

प्रथम कथा सांगतों. एका औषधाची मात्रा अपघातानें प्रमाणाबाहेर अंगांत गेल्यामुळें डॉक्टर मॅकॉय यास भ्रम होतो. लोक आपल्याला मारण्यास टपले आहेत असें वाटून तो यानांतून पळतो व खालच्या ओसाड ग्रहावर उतरतो. तेथें भग्न अवशेषांमध्यें एक प्राचीन कमान उभी असते. ती बोलते, आणि ती काळाचें द्वार असते. शोधास आलेल्या मंडळींच्या डोळ्यांदेखत मॅकॉय त्या द्वारांतून भूतकाळांत उडी घेतो, आणि त्याच क्षणीं वर फिरणारें यान नाहींसें होतें. त्यानें मागच्या काळांत कांहींतरी केलें, आणि इतिहासाचा प्रवाहच बदलला! द्वाराजवळ उभीं असलेलीं थोडीं माणसें तेवढीं उरतात. त्यांच्या ओळखीचें जग उरत नाहीं.

ही चूक दुरुस्त करण्यासाठीं कर्क व स्पॉक त्याच द्वारांतून जातात व मॅकॉय येण्याच्या कांहीं दिवस आधीं, १९३० सालच्या न्यूयॉर्क शहरांत, येऊन पोंचतात. १९२९ च्या ऑक्टोबरांत तेथील शेअरबाजार कोसळला होता. कामधंदे बुडाले होते, आणि फुकट सूप व पाव मिळेल तेथें माणसें रांगा लावून उभीं राहत होतीं. अशांसाठीं चालविलेल्या एका मिशनच्या अन्नछत्रांत या दोघांस आसरा मिळतो. अन्नछत्राची चालक ईडिथ कीलर नांवाची एक तरुण स्त्री आहे. ती त्यांस तासाला पंधरा सेंट मजुरीवर झाडलोट व साफसफाईचें काम देते. जेवावयास बसलेल्या निराश माणसांस ती सांगते कीं, एक दिवस मनुष्य अणूंतील शक्ति काबीज करील, तिच्या बळावर दूरच्या जगांकडे जाईल, आणि भुकेल्यांस अन्न व रोग्यांस औषध देण्याचे मार्ग त्यास सांपडतील. त्या दिवसांसाठीं जगण्यांत अर्थ आहे. ज्या भविष्याचें ती स्वप्न पाहते, त्याच भविष्यांतून आलेला मनुष्य समोर बसून तें ऐकत असतो! कर्काचें मन तिच्यावर जडतें, यांत नवल तें काय?

इकडे स्पॉक रेडिओचे व्हॉल्व्ह व तारा जमवून एक यंत्र जुळवितो, व आपल्या नोंदयंत्रांत सांठविलेला इतिहास त्यांतून वाचतो. त्यांत त्यास दोन परस्परविरुद्ध नोंदी आढळतात. एकींत, ईडिथ कीलर १९३० सालीं रस्त्यावरील अपघातांत मरण पावते. दुसरींत, ती १९३६ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशीं विचारविनिमय करते. हा दुसरा इतिहास घडला तर तिची शांततेची चळवळ इतकी वाढते कीं, अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उशिरा उतरते; तेवढ्या अवधींत जर्मनी अणुबाँब तयार करते व जग जिंकते. म्हणजे मॅकॉयच्या हातून झालेली ‘चूक’ ती हीच, कीं त्यानें एका सज्जन स्त्रीला मोटारीखालून वांचविलें! अखेर तो क्षण येतो. ईडिथ रस्ता ओलांडीत असते. मालमोटार येत असते. मॅकॉय तिला वांचविण्यास धांवतो. आणि कर्क त्यास घट्ट धरून ठेवतो. इतिहास पूर्ववत् होतो. विजयाचें भाषण कोणी करीत नाहीं. कर्क एक कडवट उद्गार काढतो, सर्व मंडळी तेथून निघून जाते, आणि कथा संपते. कथा एका तासाच्या आंतली; तिच्यावरील वाद मात्र अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला आहे.

हा वाद जिवंत ठेवणाऱ्या मंडळींविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९६७ च्या सप्टेंबरांतच या मालिकेच्या चाहत्यांनीं ‘स्पॉकानेलिया’ नांवाचें एक नियतकालिक स्वतःच्या खर्चानें काढलें. पुढें मालिका बंद पडणार अशी वार्ता उठतांच त्यांनीं पत्रांचा असा पाऊस पाडला कीं, १९६८ च्या मार्चमध्यें, मालिका पुढें चालू राहील असें एन. बी. सी. ला जाहीर करावें लागलें. १९६९ सालीं ती बंद झालीच. परंतु जुने भाग निरनिराळ्या शहरांत पुनःपुन्हां दाखविले जाऊं लागले, व चाहते कमी होण्याऐवजीं वाढले. १९७२ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें त्यांचें संमेलन भरलें. कांहीं शें लोक येतील अशी अपेक्षा होती. आले ते कित्येक हजार! अशा संमेलनांतून व नियतकालिकांतून ‘अनंताच्या कड्यावरील नगरी’ हा भाग सतत चर्चिला गेला. त्या चर्चेचे स्थूलमानानें तीन प्रकार करतां येतात.

पहिला प्रकार चुका शोधण्याचा. ईडिथ ही क्लार्क गेबल या नटाचा चित्रपट पाहण्यास निघालेली दाखविली आहे. परंतु १९३० सालीं गेबल प्रसिद्ध नव्हता. त्याचा उत्कर्ष १९३१ पासूनचा. तसेंच, कर्क व ईडिथ रस्त्यानें फिरत असतां मागें एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी दिसते. ती पाटी वस्तुतः अमेरिकेंतील एका खेडेवजा गांवाच्या दुसऱ्या लोकप्रिय मालिकेंतील आहे. दोन्ही मालिकांसाठीं एकच उभारलेला देखावा वापरला गेला होता. असल्या गोष्टी हुडकण्यांत काय पुरुषार्थ, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यास पाटी दिसली, त्याचे डोळे उघडे होते एवढें तरी सिद्ध झालें. निरीक्षण ही विचाराची पहिली पायरी होय. मात्र तिच्यावरच बसून राहूं नये.

दुसरा प्रकार, ही कथा खरोखर कोणाची, हा. एलिसन यांनीं लिहिलेली मूळ संहिता जशीच्या तशी चित्रित झाली नाहीं. ती फार खर्चाची आहे, व यानावरील माणसें तींत शोभत नाहींत तशीं वागतात, असे आक्षेप घेतले गेले. आणि रॉडनबेरी, जीन कून, डी. सी. फोंटाना प्रभृति अनेकांचे हात तिच्यावर फिरले. मूळ संहितेंत डॉक्टर मॅकॉयचा अपघात नाहीं. तेथें बेकविथ नांवाचा यानावरीलच एक दुष्ट अधिकारी अमली पदार्थांचा चोरटा व्यापार करतो, खून करतो व काळाच्या द्वारांतून पळून जातो. शेवटच्या प्रसंगीं कर्काचें मन कच खातें. तो आपल्या प्रिय स्त्रीचें मरण घडूं देण्यास असमर्थ ठरतो. तिला वांचविण्यास धांवतो तो दुष्ट बेकविथ, आणि त्यास अडवितो तो स्पॉक! दुष्टाच्या हातून एक सत्कृत्य घडूं पाहतें व तें थोपवावें लागतें, हा मूळ कथेंतील विलक्षण पेंच होता.

आपली कथा बिघडविली म्हणून एलिसन संतापले. श्रेयनामावलींत आपलें नांव न घालतां टोपणनांव घालावें, असा आग्रह त्यांनीं धरला. रॉडनबेरी यांनीं तो मानला नाहीं. गंमत अशी कीं, १९६८ सालीं अमेरिकेंतील पटकथालेखकांच्या संघानें एलिसन यांच्या मूळ संहितेस पारितोषिक दिलें, आणि त्याच वर्षीं शास्त्रीय कल्पनाकथांच्या रसिकांनीं आपलें ‘ह्यूगो’ पारितोषिक पडद्यावर दिसलेल्या भागास दिलें. दोन्ही बाजूंस जय मिळाला, व त्यामुळें भांडण मिटण्याचें राहिलें! पुढें रॉडनबेरी आपल्या व्याख्यानांतून, एलिसन यांनीं यानाचा अभियंता स्कॉटी यासच अमली पदार्थ विकतांना दाखविलें होतें, असें सांगत. १९९६ सालीं एलिसन यांनीं मूळ संहिता दीर्घ प्रस्तावनेसह पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तींत तसें कांहींहि नाहीं, हें वाचकांस स्वतः पाहतां आलें. विद्यार्थ्यांनीं यावरून एवढा धडा घ्यावा कीं, थोर माणसाच्या तोंडचें वाक्य असलें तरी मूळ कागद पाहिल्यावांचून त्यावर भिस्त ठेवूं नये.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. कर्कानें केलें तें योग्य होतें काय? एक पक्ष म्हणतो, एका जीवाच्या मोलानें कोट्यवधि जीव वांचत असतील तर दुसरा मार्गच नाहीं. प्रतिपक्ष विचारतो, तिला आपल्याबरोबर भविष्यकाळांत कां नेलें नाहीं? १९३० सालच्या जगांतून ती नाहींशी झाली असती, एवढ्यानें इतिहासाचें काम भागलें असतें. त्यावर पहिला पक्ष म्हणतो, काळाच्या द्वारानें परक्या माणसास येऊं दिलें असतें, याची खात्री काय? शिवाय नोंद मृत्यूची होती, बेपत्ता होण्याची नव्हती. अशा रीतीनें कोटिक्रम चालतो. आणि प्रत्येक पक्षास कथेंतील पुरावा दाखवावा लागतो, कारण दोघांसमोर तोच एक भाग असतो.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूनें येतो. एका स्त्रीच्या चळवळीनें महायुद्धाचा निकाल फिरेल काय? १९३५ पासून अमेरिकेनें तटस्थतेचे कायदे केले होते व युद्धापासून दूर राहण्याची वृत्ति तेथें प्रबळ होती, हें खरें. परंतु १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर ती टिकली नाहीं. अणूच्या विभाजनाचा शोध १९३८ च्या अखेरीस बर्लिन येथें ऑटो हान व फ्रिट्‌झ स्ट्रासमन यांच्या प्रयोगांतून लागला, आणि १९४४ मध्यें जर्मनीनें व्ही-२ हीं अग्निबाणें लंडनवर सोडलीं; म्हणजे कथेंतील भीति अगदींच निराधार नव्हती. तथापि जर्मनी बाँबच्या जवळपासहि पोंचली नाहीं. पहिला स्फोट १६ जुलै १९४५ रोजीं झाला, आणि तो अमेरिकेनें केला.

याहून नाजूक प्रश्न असा, कीं हा भाग शांततावाद्यांची निंदा करतो काय? तो दाखविला गेला तेव्हां व्हिएतनामचें युद्ध चालू होतें. त्याच्या दोनच दिवस आधीं, ४ एप्रिल १९६७ रोजीं, त्याच न्यूयॉर्क शहरांतील रिव्हरसाइड चर्चमध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्या युद्धाविरुद्ध आपलें प्रसिद्ध भाषण केलें होतें. भाग पूर्वींच तयार झालेला असल्यामुळें हा केवळ योगायोग होय. परंतु पाहणारांच्या मनांत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असल्यास आश्चर्य नाहीं. शांतता मागणारी स्त्री मेलीच पाहिजे, असें सांगणारी कथा कित्येकांस टोंचली. दुसरे उत्तर देतात कीं, ईडिथचें म्हणणें बरोबर होतें, फक्त वेळ चुकली होती, असें स्पॉकच कथेंत सांगतो; आणि ज्या भविष्यांतून हे लोक आले तें तिच्याच स्वप्नासारखें आहे.

एखादी क्षुल्लक घटना बदलली तर इतिहास कोठें गेला असता, हा प्रश्न मराठी वाचकांस परका नाहीं. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचें पानिपत’ या कथेंत १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते, आणि हिंदुस्थानचा इतिहास निराळाच होतो. तेथें एक जीव वांचल्यानें आपल्या मनासारखें घडतें. येथें एक जीव वांचल्यानें जग बुडतें. दोन्ही कथा शेजारीं ठेवून वाचाव्या, म्हणजे अशा कल्पनेच्या दोन्ही धारा दिसतात.

गेल्या वर्षीं ही कथा मीं वर्गांत सांगितली, व नंतर मुलांचे दोन पक्ष करून वाद घातला. बराच वेळ कर्क योग्य कीं अयोग्य यावर खडाजंगी झाली. तास संपत आला असतां मागच्या बांकावरील एक मुलगा, जो सहसा बोलत नाहीं, उभा राहून म्हणाला, “सर, त्या भिकाऱ्याचें काय?”

त्याचा प्रश्न समजण्यासाठीं एक लहानसा प्रसंग सांगितला पाहिजे. मॅकॉय १९३० सालांत येऊन पडतो तेव्हां त्यास प्रथम भेटतो एक भणंग, दुधाची बाटली चोरणारा. मॅकॉय बेशुद्ध पडतो. भणंग त्याचे खिसे चांचपतो, त्याचें किरणास्त्र काढून घेतो, चुकून त्याची कळ दाबतो, आणि क्षणांत जळून नाहींसा होतो. पुढें त्याचा कोणी उल्लेखहि करीत नाहीं. भविष्यांतील शस्त्रानें भूतकाळांतील एक माणूस मेला. इतिहास तसूभरहि हलला नाहीं! चाहत्यांच्या चर्चेंत हा प्रश्न जुनाच आहे; पण त्या मुलानें तो स्वतः शोधून काढला होता. एलिसन यांच्या मूळ संहितेंत अशा जागीं एक लंगडा शिपाई आहे, व्हर्डूनच्या लढाईंत पाय गमावलेला. तो कर्कास मदत करतो व त्यापायीं मरतो. इतिहासाच्या दृष्टीनें तो नगण्य होता हें कर्कास कळतें, व तें त्याच्या जिव्हारीं लागतें. पडद्यावरील कथेंत तो शोकहि उरला नाहीं.

मुलानें पुढें विचारलें, “त्याचें नांव काय होतें?” मीं सांगितलें कीं, कथेंत त्यास नांव नाहीं, पात्रांच्या यादींत उंदीर-घुशीच्या जातीचा वाचक असा एक शब्द त्याच्यापुढें छापला आहे. वर्ग गप्प झाला. मग पुढच्या रांगेंतील एक मुलगी म्हणाली, “पण सर, तो अन्नछत्रांत जेवत होता ना? मग ईडिथबाईंना त्याचें नांव ठाऊक असेल.”

तिचें म्हणणें बरोबर होतें. अन्नछत्रांत कर्काच्या शेजारीं बसून सूप पिणारा व ईडिथच्या बोलण्याची टिंगल करणारा, तो हाच. कर्कानें त्यास गप्प बसविलें. ईडिथनें त्यास जेवूं घातलें. काळाच्या द्वारास त्याची गणती नव्हती, कप्तानासहि नव्हती. जिच्या मरणावर सारा वाद चालतो, तिच्या दारीं मात्र त्याचें ताट मांडलेलें होतें. कर्कानें कोट्यवधींचा हिशेब केला, व तो कदाचित् बरोबर असेल. तरी ज्या भविष्यासाठीं त्यानें तो केला तें भविष्य, नगण्य माणसास ताट मांडणाऱ्या अशा माणसांनींच घडविलेलें असणार, हें विसरून चालत नाहीं.

पालकांस एवढीच विनंती, कीं मुलानें एखादी गोष्ट पाहिली वा वाचली म्हणजे ‘आवडली काय?’ एवढ्यावर थांबूं नये. ‘तूं असतास तर काय केलें असतेंस?’ असें विचारावें, आणि उत्तरास आधार मागावा. आणि विद्यार्थ्यांस सांगणें हें, कीं कथेच्या नायकाकडे पाहून झालें म्हणजे एकदां कोपऱ्यांतल्या माणसाकडेहि पाहा. माझ्या विद्यार्थ्यानें विचारलेला प्रश्न मीं तीनदां ही कथा वाचून व पाहूनहि स्वतःस विचारला नव्हता, हें येथें कबूल करतों.